पाव मैलाचा खर्च

६ जानेवारी, मंगळवार
ठरलं एकदाचं. शेडमध्ये एकच गाडी राहणार, दोन जाणार.

काल जेवताना सुनेने, वैशालीने, विषय काढला. आवाज चढवला नाही. होळीआधी तिला शेड रिकामी हवी. बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, काम आता गच्चीत मावत नाही. सहा बाया येतात, पिठाचा घाटा शिजवायला चूल मांडावी तर जागा नाही. म्हणाली, "तीन गाड्या झोपल्यात तिथं, नाना. आणि भाजी आणायला मी पायी जाते." हेमंत कळण्याच्या भाकरीचे तुकडे करत बसला. चिरंजीव बेचाळीसचे झाले, पण कोंडीत सापडले की अजून बापाच्या तोंडाकडे बघतात.

मग तोच म्हणाला, "नाना हिशोब करतील. तिन्ही गाड्यांचा, डेपोत करायचे तसा. जी चालवायला स्वस्त पडेल ती राहील." वैशाली म्हणाली, "नानांचा हिशोब असेल तर मला चालेल. तुमचा नको."

बत्तीस वर्षं धुळ्याच्या बसडेपोत टायर विभागात काढली, त्याचा हा मान. सुमन असती तर हसली असती. तिला माझे आकडे कधी पटले नाहीत, कविता पटायच्या.

८ जाने., गुरुवार
सकाळी शेडमध्ये जाऊन बसलो. मेहरूण तलावावरून गार वारा येतो, पत्रा वाजत राहतो.

आठशे डावीकडे. पांढरी, म्हणजे पांढरी म्हणायची. तीस वर्षांपूर्वी मी घेतली. टायर विभागात स्वतःची चारचाकी असलेला मी पहिलाच. हे. ने, म्हणजे हेमंतने, आता मागची सीट काढलीय, दारांची अस्तरं काढलीयत, इंजिनाला काहीबाही केलंय. त्याच्या त्या सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत पाव मैल अठरा सेकंदांत जाते. लोक टाळ्या वाजवतात, पण लग्नात एखादा म्हातारा नाचला की वाजवतात तशा.

डावी सीट मी काढू दिली नाही. दर मोसमात हे. म्हणतो, "नाना, ती सीट नऊ किलो आहे." असू दे नऊ किलो. तिथे सुमन बसायची. गाडीत रेडिओ नव्हता. तिच्या माहेरी सोनगीरला जाताना मी शाळेतल्या कविता म्हणायचो. चौथीपासून अकरावीपर्यंतच्या सगळ्या पाठ, अजूनही. ती डोळे मिटून, डोकं काचेला टेकवून ऐकायची. मी थांबलो की, "म्हणा ना, थांबू नका." हातात कायम एक लिंबू धरलेलं. गाडीला अजून त्या लिंबाचा वास आहे. हे. म्हणतो, नाही. त्याचं नाक डिझेलने गेलंय.

मधली, निळी, तिला आम्ही डिझेलच म्हणतो. मोठा टर्बो बसवलाय. चौदा सेकंद. धूर असा सोडते की वै. चे वाळत घातलेले बिबडे एकदा काळे पडले होते. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

तिसरी, सांगाडा. तिला गाडी का म्हणायचं ते मला कळत नाही. नळ्या वेल्ड करून केलेला पिंजरा, त्यात परदेशातून आलेलं जुनं इंजिन, बसायला एकाच माणसापुरती जागा, मागे दोन रुंद, गुळगुळीत टायर. पेट्रोल चालत नाही, मिथेनॉल लागतं. साडेदहा सेकंद. हे. तिच्याकडे ज्या नजरेने बघतो तसं त्याने कोणाकडे बघितलेलं मला आठवत नाही. वै. च्याही ते लक्षात आलं असणार. ती बोलत नाही.

११ जाने., रविवार
सोनगीरच्या पुढे माळावर एका बंद कारखान्याची जुनी खासगी धावपट्टी आहे, तिथे सराव होता. हे. म्हणाला, डोळ्यांनी बघा मग लिहा.

जाताना किल्ला दिसला. सवयीने ओठ हलले. ट्रकमध्ये शेजारी हे. होता, पाठीमागे सांगाडा बांधलेला. त्याने विचारलं, "काही म्हणालात?" म्हटलं, नाही.

सुटायच्या आधी रस्त्यावर पाणी ओततात. त्या पाण्यात मागची चाकं जागच्या जागी फिरवायची, धूर निघेपर्यंत. टायर तापला की रस्त्याला धरतो म्हणे. मी तोंड फिरवलं. डेपोत एखाद्या ड्रायव्हरने असं केलं असतं तर त्याला मी साहेबांपुढे उभा केला असता. एकेक टायरचं कार्ड ठेवायचो आम्ही. नंबर, कोणत्या गाडीला कुठल्या बाजूला लावला, किती किलोमीटर धावला, कितव्यांदा रिमोल्ड झाला. टायरची जन्मपत्रिका. इथे लेकाने माझ्या डोळ्यांदेखत पत्रिका जाळली.

मग दिवे लाल, पिवळे, हिरवे. साडेदहा सेकंद म्हणजे कवितेचं एक कडवं, तेही घाईत म्हटलं तर. ध्रुवपद परत घ्यायला वेळ नाही.

परत आला तेव्हा हे. चा चेहरा दहावीचा निकाल घेऊन आला होता तसा होता. ते पण लिहून ठेवतो, हिशोबात कुठे बसत नाही म्हणून.

१२ जाने., सोमवार
हे. च्या गॅरेजवर जाऊन बिलं काढली. बिस्किटाच्या डब्यात, खिळ्यांमध्ये, काही ग्रीसने चिकटलेली. बाकीचं हे. तोंडाने सांगत होता. मी विचारलं, सांगाड्याचं इंजिन मोसमात किती वेळा खोलावं लागतं? "एकदा. नशीब असेल तर." नशीब कुठल्या रकान्यात लिहू? हसला. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसला.

डेपोत आम्ही नुसता खर्च बघायचो नाही. किलोमीटरमागे खर्च किती आणि किलोमीटरमागे उत्पन्न किती, दोन्ही शेजारी मांडायचो. फेरी चालू ठेवायची की बंद करायची ते त्यावरून. तसंच इथे करणार. फक्त किलोमीटरऐवजी मोसम धरतो, दसरा ते होळी, प्रत्येक गाडीच्या चाळीस धावा. पावसात काही नाही.

आठशेला बक्षीस कोण देणार. डिझेलला थोडं. सांगाड्याला मात्र शोरूमची उद्घाटनं, कॉलेजांची संमेलनं, तिथे नुसतं उभं राहायचे पैसे मिळतात. सुरू करून आवाज काढला की जास्त. न पळण्याचे पैसे जास्त आणि पळण्याचे कमी. हे बघून काही सुचलं होतं चार ओळींचं, लिहिलं नाही.

१४ जाने., बुधवार, संक्रांत
वै. ने तिळगूळ दिला, नमस्कार केला. "गोड बोला, पण हिशोबात नको."

आज आठशे पूर्ण केली. धावण्याचं पेट्रोल तीन हजार दोनशे. सोनगीरला स्वतःच्या चाकांवर जाते-येते, ते सहा हजार दोनशे. पुढचे टायर पाच हजार. क्लच प्लेट साडेतीन. ऑइल, प्लग, किरकोळ चार. एकूण एकवीस हजार नऊशे. उत्पन्न शून्य. तूट एकवीस हजार नऊशे. डिझेलची तूट ऐंशी हजारांवर जाते, नुसते दोन क्लच छत्तीस हजारांचे आणि टर्बो वेगळा. ती गेलीच.

राहिला सांगाडा. खरं लिहितो. मला आठशे जिंकायला हवीय. आकडा लिहिताना हात आठशेकडे झुकतो हे मला कळतं. म्हणून ठरवलं की सांगाड्याच्या बाबतीत जिथे शंका तिथे त्याच्या बाजूने धरायचं. दोघांनी विश्वासाने काम दिलंय. माझ्या हळवेपणाची झळ आकड्यांना नको.

टायरपाशी अडलो. सत्तर हजारांची जोडी, वीस धावांत संपते. चाळीस धावांना दोन जोड्या, एक लाख चाळीस हजार. हे कसं परवडणार? मग लक्षात आलं, हे. टायर झिजला की फेकून देतो. पोरांना सवयच नाही. गुळगुळीत झालेला टायर म्हणजे रिमोल्डला पाठवायचा टायर, त्यावर नवी गोटी, म्हणजे खाचांचा नवा थर, चढवायची. तीन वेळा तरी होतोच. म्हणजे एका जोडीत चार आयुष्यं, ऐंशी धावा. सत्तर आणि रिमोल्डचे तीन वेळचे अठरा, अठ्ठ्याऐंशी हजार. मोसमाला निम्मे. चव्वेचाळीस.

बत्तीस वर्षांचं शहाणपण पोराच्या कामी आलं. बरं वाटलं, आणि वाईटही, कारण बेरीज कुठे चाललीय ते दिसायला लागलं होतं.

१७ जाने., शनिवार
बेरीज तीनदा केली.

सांगाडा. मिथेनॉल वीस हजार, इंजिन खोलणं साठ, क्लच पंचवीस, ट्रकवरून नेणं-आणणं छत्तीस, ऑइल दहा, टायर चव्वेचाळीस. एक लाख पंच्याण्णव. उत्पन्न एक लाख पंच्याऐंशी. तूट फक्त दहा हजार.

आठशे बारा हजारांनी हरली. माझ्याच हाताने.

चांगल्या अक्षरात उतरवलं, खाली तारीख घालून पूर्ण सही केली. जेवणाआधी दोघांना वाचून दाखवलं. वै. म्हणाली, "म्हणजे तो पिंजराच सगळ्यात स्वस्त?" विश्वास बसत नव्हता. हे. ने कागद हातात घेतला. बराच वेळ बघत होता. त्याचा काळा अंगठा टायरच्या ओळीवर होता, ठसा उमटला कागदावर. मग म्हणाला, "बरोबर आहे, नाना."

वै. ने मला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"
"मीच."
"मग ठीक आहे." आणि भाकऱ्या वाढायला घेतल्या.

१८ जाने., रविवार
रद्दीतून आणलेली जुनी क्रमिक पुस्तकं काढून बसलो. पाचवीच्या पुस्तकात नदीची कविता. आमचे गुरुजी ती म्हणताना टेबलावर पट्टीने ताल धरायचे, मार खायचीच पट्टी, पण त्या तासाला वेगळी वाजायची. सुमनला ही फार आवडायची. धुळ्याला परतताना लळिंगच्या घाटात हीच म्हणायचो, वळणं आणि कडवी बरोबर जुळायची. घाट संपला की कविता संपायची. ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "आलं का गाव?"

वाचताना चष्मा दोनदा पुसला. पुस्तकाची शाई फिकी झाली असेल.

२२ जाने., गुरुवार
डिझेल गेली. चोपड्याचा कोणी. हे. ने हात हलवून निरोप दिला आणि लगेच सांगाड्याच्या खाली शिरला. रिकाम्या झालेल्या जागेत वै. ने संध्याकाळपर्यंत एक चूल आणि दोन मोठी पातेली आणून ठेवली. ती कामाला कधीपासून तयार होती ते त्यावरून कळलं.

२५ जाने., रविवार
आठशेला गिऱ्हाईक आलं. भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त, आता ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. माणूस वाईट नाही. गाडीभोवती फिरले, बॉनेटवर टकटक केली. "इंजिनाची मस्ती उतरवू. मागं सीट टाकू. डाव्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी ब्रेक आणि क्लच बसवू." मग आत वाकून डाव्या सीटवर हात फिरवला. "ही सीट मात्र छान ठेवली, काका. कव्हरसुद्धा जुनंच."

सुमनच्या पायांपुढे पेडल बसणार. दिवसभर कोणीतरी अनोळखी पाय दाबत राहणार.

विसार दिला. बुधवारी, ४ तारखेला येऊन गाडी नेणार. किल्ली माझ्याकडे आहे, ती मी त्यांच्या हातात द्यावी असं हे. म्हणतो. "तुमची गाडी, तुमचा मान." मान फार मिळतोय सध्या.

२९ जाने., गुरुवार
धुळ्याला जाऊन आलो. सांगाड्याचा एक झिजलेला टायर बरोबर घेतला होता. हे. ला सांगितलं नव्हतं. म्हटलं रिमोल्ड करूनच आणावा, पोराला समोर दिसेल की बापाने लिहिलेलं कागदावरचं नव्हतं. कंडक्टरने टायरचं वेगळं तिकीट फाडलं. नियमाने बरोबर.

आग्रा रोडला दगडूभाऊ आहे, रिमोल्डचं दुकान. पूर्वी डेपोत माझ्याच हाताखाली होता. टायर बघून आधी हसला, मग त्याला वाटलं मी गंमत करतोय.

"नाना, हाई टायर शे का फुगा?"
म्हटलं, रेसचा आहे, गुळगुळीत झालाय, गोटी चढव.
"झिजी गया म्हनीसन गुळगुळीत नही शे हाऊ. नवा बी असाच ऱ्हास." अंगठा दाबून दाखवला. रबरात खड्डा पडला आणि राहिला, सगळा टायरच मऊ आणि पातळ. "बठ्ठं रबर मऊ शे. पोट पातय शे. गरम साचामा टाका का संपनं. याले कोनी रिमोल्ड करत नही, नाना. तुम्हले माहीत नही?"

दुकानातली दोन माणसं बघत होती. मी म्हटलं, माहीत होतं, खात्री करायची होती. दगडूने मान हलवली. त्याला कळलं की मला माहीत नव्हतं, आणि मला कळलं की त्याला कळलं. चहा मागवला त्याने. साखर जास्त होती.

परतताना त्याच टायरचं परत तिकीट.

बत्तीस वर्षं. गुळगुळीत टायर दिसला की हात आपोआप रिमोल्डच्या रकान्याकडे जातो. दुसऱ्या कुणी हिशोब केला असता, अगदी वै. ने केला असता, तर दुकानात फोन करून विचारलं असतं. मी विचारलं नाही. मला येत होतं ना.

३० जाने., शुक्रवार
टायर चव्वेचाळीस नाही, एक लाख चाळीस. एकूण खर्च दोन लाख एक्क्याण्णव. तूट एक लाख सहा हजार. आठशेच्या जवळपास पाचपट. डिझेलपेक्षाही वर.

म्हणजे ठरल्याप्रमाणे आठशे राहते, सांगाडा जातो. डिझेलचं काही बिघडत नाही, ती कशीही गेलीच असती.

दुसऱ्या कागदावर चांगल्या अक्षरात उतरवलं. सही केली. आधी हेमंतला सांगायचं, मग वैशालीला. क्रम महत्त्वाचा.

हात हलका वाटतोय. चूक झाल्याचं दुःख व्हायला हवं तेवढं होत नाही. आठशे घरात राहील एवढंच डोक्यात. हे लिहायला लाज वाटते.

३१ जाने., शनिवार
लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

सकाळी वै. बाजारात गेल्यावर शेडमध्ये हे. ला कागद दाखवला. तो पाना पुसत होता. एकदा नजर टाकली आणि परत दिला. वाचायची गरज पडली नाही त्याला.

"हेमंत, टायरचं चुकलं माझं. ते रिमोल्ड होत नाहीत."
"हो."
"हो म्हणजे?"
"माहीत होतं, नाना."
"कधीपासून?"
"तुम्ही वाचून दाखवलं तेव्हापासून."

अंगठा. काळा अंगठा त्या ओळीवर, आणि मग "बरोबर आहे, नाना."

म्हटलं, का बोलला नाहीस? पाना फळीवर ठेवला, दुसरा घेतला. "माझ्या आकड्यांवर तिचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे. मी काय तुम्हाला चूक करायला सांगितली होती? तुम्ही स्वतःहून लिहिलं."

"मी तुझ्या बाजूने धरत होतो. मुद्दाम."
"मग धरा की. आता का सोडता?"

मी म्हटलं की ती गाडी तुझ्या आईची आहे. हे म्हणायला नको होतं. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"नाना, आईला त्या गाडीत मळमळायचं. मी मागे बसायचो, मला दिसायचं. डोळे मिटून बसायची ती उलटी होऊ नये म्हणून. लिंबू त्यासाठीच तर होतं."
"ती मला म्हणा म्हणायची. थांबू नका म्हणायची."
"कविता म्हणताना तुम्ही गाडी हळू चालवायचे. म्हणून."

रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं, मग मी खोटं समजलो असतो.

मी कागद घडी करून खिशात घातला. तो म्हणाला, "तिला सांगायचं असेल तर सांगा. मी अडवणार नाही. पण मग मी त्या पट्टीवर परत जाणार नाही, आठशे घेऊन तर नाहीच. लोक हसतात, नाना. तुम्हाला टाळ्या ऐकू येतात." आणि परत सांगाड्याखाली शिरला. नुसते बूट दिसत होते. लहानपणी पलंगाखाली लपायचा तेव्हा पाय असेच बाहेर राहायचे.

१ फेब्रु., रविवार
काही नाही. जेवलो नाही म्हणून वै. ने दोनदा विचारलं. अपचन म्हटलं.

इतकी वर्षं. दर दिवाळीला, दर लग्नाला, तिच्या वडलांच्या तेराव्याला. मी वळणावर कडवं संपवायचो आणि ती लिंबू नाकाशी धरायची. एकदासुद्धा बोलली नाही. बोलली असती तर मी गाडी थांबवली असती. थांबवली असती का? "अगं, हे कडवं होऊ दे," म्हटलं असतं.

लिंबाचा वास म्हणतो मी त्याला.

२ फेब्रु., सोमवार
वै. ला ज्वारीची दोन पोती आणायची होती. म्हणाली, "आठशे बुधवारी जाणार, तर आज वापरून घेऊ. मी चालवते. येता का नाना?" मागची सीट नाही, पोती बसतील. मी डाव्या सीटवर बसलो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सीट खाली दबलेली, डाव्या बाजूला जास्त. तिथे ती काचेला टेकायची. मी डोकं टेकवून बघितलं, डोळे मिटले. हे. ने गाडी खाली केलीय, स्प्रिंगा कडक, तेव्हा असं नव्हतं हे मान्य. तरी तलावाच्या वळणाला पोटात ढवळलं. खरंच ढवळलं. का मी ढवळून घेतलं, सांगता येत नाही.

"नाना, बरं वाटत नाही का? पिशवीत लिंबू आहे, देऊ?"
घेतलं. धरून बसलो.

मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "शनिवारी पार्सल आलं, सांगाड्याचे नवे टायर. मीच सही केली. तुमच्या कागदात जुनेच तीन वेळा परत बनतात ना? मग नवे कशाला मागवले हो?" सुरात खोच नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. माझ्या कागदावर विश्वास ठेवून विचारत होती.

कागद माझ्या खिशात होता. दुसरा, खरा.

मी म्हटलं, "समोर बघ. रिक्षा येतेय."
रिक्षा बरीच लांब होती.

३ फेब्रु., मंगळवार
ठरवलं होतं आज सांगायचं. सकाळी सहा बाया आल्या, चूल पेटली, वै. घाटा ढवळत होती, धुरात डोळे पुसत होती. बायांपुढे कसं सांगणार. दुपारी ती झोपली. संध्याकाळी हे. लवकर घरी आला, माझ्यासाठी शेव घेऊन. कधी आणत नाही. पुडी माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ली. दोघांनाही त्याचा अर्थ माहीत होता आणि मी खाल्ली.

४ फेब्रु., बुधवार
भुसावळचे साहेब अकराला आले. पैसे मोजून हे. च्या हातात. चहा झाला. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, "काका, किल्ली."

मी म्हटलं, सापडत नाहीये.

कसं तोंडातून गेलं ते माहीत नाही. किल्ली सदऱ्याच्या खिशात आहे, त्याच घडी केलेल्या कागदात गुंडाळलेली. वर हात ठेवला की टोचते. हे. ने माझ्या हाताकडे बघितलं, हात कुठे आहे ते बघितलं. त्याला कळलं. बोलला तर मी कागद काढेन हे त्याला माहीत आहे. मी कागद काढला तर तो काय गमावेल ते मला माहीत आहे. म्हणून दोघंही गप्प. पाहुण्यांना म्हणाला, "बसा थोडं, सापडेल. नाना विसरतात आता."

विसरतात आता.

वै. एकटीच शोधतेय. तिने आधी देवघर बघितलं, मग माझी पुस्तकं एकेक करून झटकली, पाचवीचं, सहावीचं. तिला वाटतंय म्हाताऱ्याचा जीव गाडीत अडकलाय, म्हणून कुठेतरी ठेवून विसरला असेल. मघाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काळजी करू नका नाना, मी काढते शोधून."

मी इथे खिडकीशी लिहायला बसलोय, म्हणजे आठवायचा प्रयत्न करतोय असं दिसेल.

ती आता स्वयंपाकघरात बिबड्यांचे डबे उघडतेय. होळीच्या ऑर्डरचे, काल बंद केलेले. झाकण काढायचं, हात तळापर्यंत घालायचा, झाकण लावायचं. बिबडे मोडल्याचा आवाज येतो. वरची फळी झाली. मधली चालू आहे. खालच्या फळीवर चार डबे आहेत, मी मोजले.